बांध टिकला, घराणे बुडाले

एखादी सत्ता कोसळली, की तिच्या पतनाचे कारण शोधण्याची घाई सर्वांनाच होते आणि या घाईत दोन कारणे नेहमी हाताशी सापडतात. एक म्हणजे नालायक वारस आणि दुसरे म्हणजे शत्रूचे नवे शस्त्र. सोळाव्या शतकातील जपानमध्ये उदयाला येऊन त्याच शतकात नष्ट झालेल्या ताकेदा या सामुराई घराण्याच्या वाट्याला ही दोन्ही कारणे आली आहेत. बाप शिंगेन हा अजिंक्य सेनापती होता, मुलगा कात्सुयोरी हा उतावळा निघाला आणि १५७५ साली नागाशिनोच्या रणांगणावर ताकेदांचे नामांकित घोडदळ बंदुकांपुढे गारद झाले, अशी ही कथा सांगितली जाते. अकिरा कुरोसावा यांच्या १९८० सालच्या ‘कागेमुशा’ या चित्रपटाने ती जगभर पोहोचवली. कथा म्हणून ती प्रभावी आहे. पण इतिहास म्हणून ती अपुरी आहे. नागाशिनोनंतर हे घराणे आणखी सात वर्षे टिकून होते, हा एकच तपशील तिच्याविषयी शंका उत्पन्न करण्यास पुरेसा आहे. सात वर्षे तग धरणारी सत्ता पुढे अवघ्या चाळीस दिवसांत का नाहीशी झाली, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रणांगणापेक्षा राज्याच्या जमाखर्चात अधिक सापडते.

डोंगराळ प्रांताचा धनी

ताकेदा घराणे तसे जुने. मिनामोतो या प्रख्यात वंशाची ती एक शाखा आणि काई प्रांताचे लष्करी अधिकारपद तिच्याकडे मध्ययुगापासून चालत आलेले. काई म्हणजे आजचा यामानाशी जिल्हा. चारी बाजूंनी डोंगर, दक्षिणेला फुजी पर्वत आणि मध्ये कोफूचे लहानसे खोरे. या प्रांताला समुद्र नाही आणि भातशेतीला योग्य अशी सपाट जमीन थोडी. डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात हीच थोडी जमीन वाहून नेत. त्या काळी या प्रांतातील एका बौद्ध देवस्थानात लिहिल्या गेलेल्या बखरीत दुष्काळ, रोगराई आणि भूकबळी यांच्या नोंदी पुनःपुन्हा येतात. प्रांतावर अधिकार ताकेदांचा असला, तरी खोऱ्याखोऱ्यांत आपापली गढी आणि आपापले सैनिक बाळगून असलेले स्थानिक सरदार तो मानतीलच याची शाश्वती नव्हती. नोबुतोरा या ताकेदा सरदाराने त्यांना एकामागून एक नमवले आणि १५१९ साली कोफू येथे आपले ठाणे बसवले.

परंतु सततच्या लढायांनी आणि त्यासाठी बसवलेल्या करांनी गांजलेला प्रांत नोबुतोरावर प्रसन्न नव्हता. १५४१ साली त्याच्या थोरल्या मुलाने, घराण्यातील कारभाऱ्यांच्या संमतीने, बापाला शेजारच्या सुरुगा प्रांतात घालवून दिले आणि परतीच्या वाटा बंद केल्या. हा मुलगा म्हणजेच हारुनोबु. १५५९ साली मुंडन करून त्याने धारण केलेल्या शिंगेन या नावानेच तो पुढे प्रसिद्ध झाला. सत्ता हाती आली तेव्हा त्याचे वय वीस वर्षांचे होते. रक्तपात न होता झालेला हा सत्तापालट घराण्याची मोठी सोय करून गेला. पण त्यातच एक सूचक गोष्ट दडलेली होती. सरदारांना नकोसा झालेला धनी काईमध्ये राहू शकत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. एक्केचाळीस वर्षांनंतर त्याचाच प्रत्यय पुन्हा यायचा होता.

बांध, सोने आणि घरपट्टी

शिंगेनचे मोठेपण केवळ लढायांत नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कामानाशी आणि मिदाई या दोन नद्यांच्या संगमाजवळ त्याने पूरनियंत्रणाचे जे काम हाती घेतले, ते पुरे व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. नदीला नुसती भिंत घालून अडवण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. मिदाईचा प्रवाह वळवून तो एका उंच नैसर्गिक कड्यावर आदळेल आणि तेथे त्याचा जोर मोडेल, अशी योजना करण्यात आली. खालच्या बाजूचे बांध सलग न घालता मधूनमधून मोकळे ठेवण्यात आले. महापुराचे पाणी त्या मोकळ्या जागांतून मागे पसरावे आणि पूर ओसरला की पुन्हा नदीत परतावे, हा त्यामागचा हेतू. बांधाची देखभाल करण्यासाठी नदीकाठी र्‍युओ येथे वस्ती करणाऱ्यांना १५६० साली घरपट्टी माफ करण्यात आली. लोकांना केवळ हुकूम सोडून चालत नाही, त्या हुकुमात त्यांचा लाभ असावा लागतो, ही जाण त्या माफीत दिसते.

१५४७ साली शिंगेनने आपल्या राज्यासाठी कायद्यांची संहिता जारी केली. भांडणात दोन्ही पक्षांना शिक्षा करण्याचा त्यातील नियम आज कठोर वाटेल. पण सरदारांची खाजगी वैरे मोडून काढण्याचा तो मार्ग होता. त्याहून विशेष म्हणजे, खुद्द राज्यकर्त्याच्या वर्तनात या कायद्यांचा भंग आढळला, तर कोणत्याही दर्जाच्या माणसाने तक्रार करावी, अशी तरतूद त्यात होती. सोळाव्या शतकातील एका लष्करी सत्ताधीशाने स्वतःला कायद्याच्या कक्षेत आणावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. कुरोकावा आणि युनोओकू येथील सोन्याच्या खाणींनी त्याला रोख पैसा पुरवला. काईच्या सुवर्णनाण्यांची चाराच्या पटीतील मापनपद्धती पुढे तोकुगावा राजवटीने साऱ्या देशासाठी स्वीकारली.

मात्र या ताळेबंदाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्या संहितेत राज्यकर्त्याविरुद्ध तक्रारीची मुभा आहे, त्याच संहितेत घरपट्टीच्या वसुलीबाबत दयामाया नाही. घर सोडून पळालेल्याचा पाठलाग करून कर वसूल करावा आणि तो मिळाला नाही तर गावाने भरून द्यावा, असा तिचा दंडक आहे. १५४७ साली शिनानो प्रांतातील शिगाचा किल्ला पडल्यावर तेथील स्त्रीपुरुषांना कैद करून काईमध्ये आणण्यात आले. दोन, तीन, पाच, प्रसंगी दहा कान देऊन त्यांच्या नातलगांनी त्यांना सोडवून नेले, अशी नोंद वर उल्लेखिलेल्या बखरीत आहे. एक कान म्हणजे एक हजार तांब्याची नाणी. ज्यांचे नातलग पैसा उभा करू शकले नाहीत, त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. दरिद्री प्रांताच्या सैनिकाला मोहिमेचे आकर्षण का वाटत असे, याचा उलगडा या एका नोंदीने होतो. लूट ही त्या युद्धातील अपवादात्मक विकृती नव्हती, तर तो त्या अर्थव्यवस्थेचाच भाग होता.

विजयावर चालणारे राज्य

शिंगेनच्या बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ विस्तारात गेला. शिनानो जिंकण्यास त्याला सुमारे पंधरा वर्षे लागली. त्यातूनच उएसुगी केनशिनशी वैर निर्माण झाले आणि कावानाकाजिमाच्या मैदानावर १५५३ ते १५६४ या काळात दोघांच्या सेना पाच वेळा समोरासमोर आल्या. १५६१ सालच्या सर्वांत भीषण लढाईत शिंगेनने आपला कर्तबगार धाकटा भाऊ नोबुशिगे गमावला. पुढे दक्षिणेला समुद्राकाठचा सुरुगा प्रांत घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याची किंमत घरातच मोजावी लागली. सुरुगाच्या इमागावा घराण्याची कन्या ज्याला दिली होती, तो थोरला मुलगा योशिनोबु या धोरणाच्या विरोधात गेला. त्याला कैदेत टाकण्यात आले आणि १५६७ साली कैदेतच त्याचा अंत झाला. त्याच सुमारास दक्षिणेकडून काईला होणारा मिठाचा पुरवठा तोडण्यात आला. केनशिनने अशा वेळी शत्रूला मीठ पाठवले, ही आख्यायिका जपानी भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, मिठासाठीही शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या प्रांताची अडचण मात्र खरी होती. १५६८ साली शिंगेनने सुरुगावर स्वारी केली.

या विस्ताराने घराण्याचे वैभव वाढले, त्याचप्रमाणे त्याची एक सवयही पक्की झाली. ताकेदांचे सैन्य हे पगारी फौजेप्रमाणे एका खजिन्यावर पोसलेले नव्हते. आपापली जमीन, आपापले कुळ आणि आपापले सैनिक असलेल्या सरदारांचा तो एक संघ होता. सरदार मोहिमेवर येई तो नव्या जमिनीच्या आशेने आणि शिंगेन आपल्याला जय मिळवून देईल या खात्रीने. लग्नसंबंध, ओलीस आणि देवापुढे घेतलेल्या शपथा यांनी ही मोट बांधलेली होती. पण तिची खरी दोरी होती वाटपाची. जोपर्यंत वाटायला नवा मुलूख येत होता, तोपर्यंत निष्ठेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कोफू येथे शिंगेनने मोठा किल्ला बांधला नाही, खंदकाने वेढलेल्या वाड्यात तो राहिला, याचे कौतुक नेहमी केले जाते. सरदारांवरील त्याच्या विश्वासाचे ते द्योतक होते खरे. परंतु युद्ध सदैव परक्याच्या भूमीवरच होणार, हे गृहीतही त्यामागे होते.

१५७२ साली शिंगेन पश्चिमेकडे निघाला. १५७३ च्या जानेवारीत मिकातागाहारा येथे त्याने तोकुगावा इयेयासूचा दणदणीत पराभव केला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात परतीच्या वाटेवर आजारपणाने त्याचा मृत्यू झाला. आपला मृत्यू तीन वर्षे गुप्त ठेवावा, असे त्याने सांगून ठेवले होते, अशी परंपरा आहे. ही परंपरा खरी मानली, तर आपल्या राज्याचे मर्म त्याने स्वतःच ओळखले होते, असे म्हणावे लागते. ज्या सत्तेला धन्याचा मृत्यू लपवावा लागतो, तिचा आधार संस्था नसून एक व्यक्ती असते.

बंदुकीमागचा व्यापार

आता नागाशिनोविषयी. ताकेदांना बंदुकीचे महत्त्व कळले नाही, हा समज चुकीचा आहे. जपानमध्ये तोडेदार बंदूक आली ती १५४३ साली तानेगाशिमा बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांबरोबर. आणि त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १५५५ साली, शिंगेनने एका किल्ल्याच्या मदतीला तीनशे बंदुका पाठवल्याची नोंद आहे. कमतरता होती ती समजुतीची नव्हे, पुरवठ्याची. बंदूक गावातला लोहार बनवू शकत होता. पण दारूला लागणारा सोरा मुख्यतः समुद्रापलीकडून येई. शिशाचीही तीच गत होती. त्या काळातील गोळ्यांच्या आधुनिक शास्त्रीय पृथक्करणात काही गोळ्यांचे शिसे थायलंडमधील खाणीचे असल्याचे आढळले आहे. गोवा ही ज्यांची पूर्वेकडील राजधानी होती, त्या पोर्तुगीजांची जहाजे मलाक्का आणि मकाव मार्गे पश्चिम जपानच्या बंदरांत येत. तेथून हा माल साकाई या व्यापारी नगरात पोहोचे आणि साकाई १५६९ पासून ओदा नोबुनागाच्या हुकमतीखाली होते. डोंगरात कोंडलेल्या काईपर्यंत तो माल येणार कसा? देवस्थानात दानात आलेली हिणकस नाणी वितळवून त्यांच्या गोळ्या पाडण्याची पाळी ताकेदांवर आल्याचे त्यांच्याच कागदपत्रांवरून दिसते.

दोन्ही पक्षांच्या बळातील तफावत आकड्यांत पाहण्यासारखी आहे. १५९८ च्या जमीनमोजणीत काईचे उत्पन्न सुमारे २ लाख २७ हजार कोकू, शिनानोचे ४ लाख ८ हजार आणि सुरुगाचे दीड लाख नोंदले आहे. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. या तिन्ही प्रांतांची बेरीज ७ लाख ८५ हजार होते. नोबुनागाच्या ताब्यातील ओमी या एकट्या प्रांताचे उत्पन्न ७ लाख ७५ हजार होते. त्याशिवाय त्याचा मूळचा ओवारी ५ लाख ७१ हजारांचा आणि मिनो ५ लाख ४० हजारांचा. मोजणी नंतरची असली, तरी प्रमाण ध्यानात येण्यास ती पुरेशी आहे. शिवाय बंदरांवरील जकात आणि बाजारपेठांना दिलेली मोकळीक यांमुळे नोबुनागाकडे येणारा रोख पैसा या आकड्यांत धरलेला नाही.

१५७५ च्या जूनमध्ये सुमारे १५ हजार सैन्यानिशी कात्सुयोरी ३८ हजारांच्या संयुक्त सेनेवर चालून गेला. लाकडी कठड्यामागे तीन हजार बंदूकधारी तीन रांगांत उभे राहून आळीपाळीने मारा करीत होते, हे वर्णन नंतरच्या ग्रंथांतील असून आजचे अभ्यासक ते जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. पण बंदुका हजारावारी होत्या आणि त्यांना दारूगोळ्याचा तुटवडा नव्हता, याबद्दल वाद नाही. यामागाता, बाबा, नाइतो असे शिंगेनच्या काळातील नाणावलेले सेनानी त्या दिवशी पडले. येथे शौर्य हरले असे म्हणण्यापेक्षा, एका डोंगरी प्रांताचा जमाखर्च एका व्यापारी साम्राज्याच्या जमाखर्चापुढे उघडा पडला, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

चाळीस दिवसांचा अंत

कात्सुयोरीला नालायक ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. बापाला न जमलेला ताकातेनजिनचा किल्ला त्याने १५७४ साली घेतला. नागाशिनोनंतरही त्याने सैन्य पुन्हा उभे केले आणि पूर्वेकडील कोझुके प्रांतात मुलूख वाढवला. त्याची अडचण वेगळीच होती. तो सुवा घराण्याच्या कन्येचा मुलगा. सुवांना शिंगेनने नष्ट केले होते आणि कात्सुयोरी वाढला होता तो त्या घराण्याचे नाव लावून. जुन्या सरदारांच्या दृष्टीने तो धनी नव्हता, त्यांच्यातीलच एक होता. सत्ता टिकवण्यासाठी त्याला सतत जय हवा होता आणि नेमका तोच आता दुर्मीळ झाला होता. १५७८ साली केनशिनच्या मृत्यूनंतर उएसुगींच्या वारसाहक्काच्या भांडणात त्याने सोने आणि मुलूख घेऊन एका पक्षाशी तह केला. परिणामी दुसऱ्या पक्षाचे आप्त असलेले होजो घराणे शत्रू झाले आणि ताकेदांना तीन आघाड्यांवर तोंड द्यावे लागले.

१५८१ साली वेढ्यात अडकलेल्या ताकातेनजिनला तो कुमक पाठवू शकला नाही. किल्ला पडला आणि त्याबरोबर एक अलिखित करारही मोडला. संकटात धनी धावून येत नसेल, तर सरदाराने त्याच्यासाठी का मरावे, हा प्रश्न प्रत्येक गढीत विचारला जाऊ लागला. त्याच वर्षी कात्सुयोरीने शिनपू येथे नवा मोठा किल्ला बांधायला घेतला. दर दहा घरांमागे एक मजूर तीस दिवसांसाठी, अशी मागणी गावोगाव गेली. वास्तविक, विखुरलेल्या सरदारांच्या संघाचे एका केंद्रित राज्यात रूपांतर करण्याचा हा प्रयत्न होता आणि तो चुकीचा नव्हता. पण भरभराटीच्या काळात करावयाची सुधारणा त्याने मोडकळीच्या काळात केली. लोकांना त्यात राज्याचे भविष्य दिसले नाही. दिसली ती फक्त वेठ.

१५८२ च्या फेब्रुवारीत शिंगेनचा जावई किसो योशिमासा हा शत्रूला मिळाला. पाठोपाठ भाचा आणि जावई असे दुहेरी नाते असलेला आनायामा बाइसेत्सुही गेला. ताकातो येथे कात्सुयोरीचा भाऊ निशिना मोरिनोबु लढून मेला. इतरत्र किल्ल्यांमागून किल्ले जवळजवळ न लढताच रिकामे झाले. काही महिन्यांपूर्वी राहायला आलेला शिनपूचा किल्ला स्वतःच्या हाताने पेटवून कात्सुयोरी बाहेर पडला. ज्याच्या भरवशावर तो निघाला होता, त्या ओयामादा नोबुशिगेने ऐन वेळी वाट अडवली. वाटेत एकेक माणूस गळत गेला. ३ एप्रिल १५८२ रोजी तेनमोकु डोंगराच्या पायथ्याशी तानो येथे कात्सुयोरी, त्याची एकोणीस वर्षांची पत्नी आणि कोवळा मुलगा नोबुकात्सु यांचा अंत झाला. बापाला हाकलून शिंगेन सत्तेवर आला, तेव्हा जो नियम त्याच्या कामी आला होता, तोच आता त्याच्या मुलाच्या विरोधात लागू झाला.

काय उरले?

फितुरीचा लाभ फितुरांनाही फारसा झाला नाही. ओयामादाला विजेत्यांनी ठार मारले. खुद्द नोबुनागाचाही तीन महिन्यांच्या आत क्योतोच्या होन्नो-जी मठात आपल्याच सेनानीच्या बंडामुळे शेवट झाला. खरा वारसा इयेयासूने उचलला. ताकेदांच्या शेकडो सैनिकांना त्याने आपल्या सेवेत घेतले. त्यांतील पुष्कळ जण ई नाओमासाच्या लाल चिलखतांच्या पथकात गेले. ताकेदांच्या चाकरीत वाढलेला ओकुबो नागायासू पुढे तोकुगावांच्या सोन्याचांदीच्या खाणींचा कारभारी झाला. मिकातागाहाराला ज्याच्याकडून मार खाल्ला, त्याच्याकडूनच इयेयासू शिकला आणि सरदारांना नव्या मुलखाचे आमिष न दाखवताही बांधून ठेवणारी व्यवस्था त्याच्या घराण्याने अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालवली. ताकेदांना न सुटलेले कोडे ते हेच होते.

आज कोफूच्या रेल्वे स्थानकासमोर शिंगेनचा भव्य पुतळा आहे. सेनापतीच्या वेषातील त्या पुतळ्यापाशी पर्यटक थांबतात, हे स्वाभाविक आहे. पण तेथून काही मैलांवर कामानाशीच्या काठी त्याचा बांध अद्याप उभा आहे. पुढील पिढ्यांनी त्याची वेळोवेळी डागडुजी केली, भर घातली आणि दर वर्षी एप्रिलमध्ये परिसरातील देवस्थानांच्या पालख्या तेथवर मिरवत नेण्याची प्रथाही जपली आहे. जिंकलेले प्रांत गेले, सोन्याच्या खाणी आटल्या, शपथा विसरल्या गेल्या. ज्या कामात राज्याचे आणि रयतेचे हित एकच होते, तेवढे मात्र राहिले. वाटपावर गोळा झालेली माणसे वाटप थांबले की पांगतात, याचा दोष शेवटी गादीवर बसलेल्या एकट्या वारसाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी विजयालाच उत्पन्नाचे साधन मानण्यात आले, त्या दिवशीच पराभवाची तारीख फक्त लिहायची राहिली होती.